बेचाळीसातून सतरा गेले, उरले किती?

माझा मुलगा दुसरीत होता तेव्हाची गोष्ट. दवाखाना आटपून मी साडेआठला घरी यायचे आणि पानं घेईपर्यंत त्याचा अभ्यास घ्यायचे. त्या आठवड्यात हातच्याची वजाबाकी चालू होती. ४२ वजा १७. त्याचं उत्तर यायचं ३५. पुन्हा समजावलं, पुन्हा ३५. "अरे, लक्ष कुठंय तुझं?" हे मी किती वेळा म्हटलं ते आठवत नाही, पण आवाज चढला होता हे पक्कं आठवतं.

मी बालरोगतज्ज्ञ आहे, म्हणून उपायही 'शास्त्रीय' केला. फ्रिजवर तक्ता लावला. पाच गणितं बरोबर आली की एक चांदणी, दहा चांदण्या झाल्या की क्रिकेटची बॅट. दात घासणं, दप्तर भरणं यासाठी असाच तक्ता आधी छान चालला होता. या वेळी तिसऱ्याच दिवशी लक्षात आलं की तो शेजारच्या मित्राच्या वहीतून उत्तरं उतरवून आणतोय. आणि पुढच्या सोमवारपासून शाळेच्या वेळी त्याचं पोट दुखायला लागलं.

अशी पोटं मी रोज तपासते. बेंबीभोवती दुखतं, शाळेच्या दिवशी दुखतं, रविवारी दुखत नाही. ताप नाही, उलटी नाही, वजन व्यवस्थित. अशा वेळी मूल नाटक करत नसतं, पोट खरंच दुखत असतं. आईवडिलांना मी विचारते, "घरी किंवा शाळेत काही ताण आहे का?" तो प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. चौथ्या दिवशी त्याचं पोट दाबून बघत असताना तो म्हणाला, "आई, मी ढ आहे ना?"

गणित सोडवलं ते माझ्या सासूबाईंनी. रविवारी दुपारी दोघं दुकान-दुकान खेळत बसले होते. त्याच्याकडे दहाच्या चार नोटा आणि एक रुपयाची दोन नाणी. आजी भाजीवाली.

"सतरा रुपये झाले. एक नोट आणि वरचे सात सुटे दे."

"आजी, माझ्याकडे दोनच सुटे आहेत."

"मग रे, आता काय करशील?"

आजी गप्प बसल्या. तोही गप्प. बऱ्याच वेळाने त्याने एक नोट पुढे केली, "ही मोडून दे." दहा नाणी घेतली, आधीची दोन त्यात मिसळली, बारातून सात मोजून दिली, वर एक नोट दिली. उरल्या दोन नोटा आणि पाच नाणी. तो माझ्याकडे वळून ओरडला, "पंचवीस!"

त्या रात्री मी एमडीच्या वेळी परीक्षेपुरते वाचलेले मुलांच्या विकासाचे सिद्धांत पुन्हा उघडले. परीक्षेत प्रश्न असायचा, 'तुलना करा'. आता कळलं की यातले शास्त्रज्ञ वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत आहेत.

मूल कसा विचार करतंय?

हा प्रश्न स्वित्झर्लंडच्या जाँ पियाजे यांचा. तरुणपणी पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिमापन चाचण्यांवर काम करताना त्यांना बरोबर उत्तरांपेक्षा चुकीची उत्तरं महत्त्वाची वाटली. ठरावीक वयाची मुलं ठरावीक पद्धतीने चुकत होती. माझ्या मुलाचं ३५ तसंच होतं. तो प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत होता, सातातून दोन आणि चारातून एक. नियम चुकीचा होता, पण लक्ष पूर्ण होतं. पियाजे यांच्या मते साधारण ७ ते ११ वर्षांची मुलं तर्काने विचार करू लागतात, पण वस्तू हाताळायला मिळाली तर. मी फक्त आकडे देत होते, आजींनी नोटा दिल्या. मात्र पियाजे यांचे वयाचे टप्पे म्हणजे रेल्वेचं वेळापत्रक नव्हे. लहान मुलांना त्यांनी मानलं त्यापेक्षा बरंच जास्त कळतं, असं नंतरच्या संशोधनात दिसलं.

मदत किती करायची?

हा प्रश्न रशियाच्या लेव्ह वायगॉट्स्की यांचा. जन्म पियाजे यांच्याच वर्षीचा, १८९६, पण १९३४ मध्ये क्षयरोगाने ते गेले. मुलाला एकट्याला जमत नाही, पण जाणत्या माणसाच्या थोड्या मदतीने जमतं, अशी एक जागा असते. शिकणं तिथे घडतं. मी सगळी रीत सांगून टाकत होते. आजींनी एक प्रश्न विचारला आणि थांबल्या. ते थांबणं हीच मदत होती.

बक्षीस कशासाठी?

अमेरिकेच्या बी. एफ. स्किनर यांनी दाखवलं की ज्या वागण्याचं फळ मिळतं ते वागणं वाढतं. जमणाऱ्या गोष्टीची सवय लावायला हे उपयोगी आहे, म्हणूनच दात घासण्याचा तक्ता चालला. पण न कळलेली गोष्ट चांदणीने कळत नाही. मी बक्षीस वहीतल्या बरोबर उत्तराला ठेवलं होतं, मग उत्तर उतरवणं हाच त्याच्या दृष्टीने शहाणपणा होता. आणखी एक सावधगिरी: १९७३ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात, चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना 'चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र' असं आधी सांगितलं, तर नंतर मोकळ्या वेळात ती चित्रं कमी काढू लागली.

मूल काय बघतंय, आणि स्वतःला काय समजतंय?

अल्बर्ट बंडुरा यांच्या १९६१ च्या प्रयोगात मोठ्या माणसाला बाहुलीला मारताना पाहिलेल्या मुलांनी तसंच केलं. माझा मुलगा काय बघत होता? वही उघडली की आईच्या कपाळाला पडणारी आठी. आणि एरिक एरिकसन यांच्या मते साधारण ६ ते १२ या वयात मूल 'मला जमतं' आणि 'मी कमी आहे' यांच्यामध्ये झुलत असतं. 'मी ढ आहे ना?' हा प्रश्न तिथून आला होता. पोटदुखीचं मूळही तिथेच होतं.

म्हणून पालकहो, मूल अडलं तर आधी उत्तर कसं काढलं ते त्यालाच सांगायला लावा, न टोकता. मग हातात वस्तू द्या, एक प्रश्न विचारा आणि थांबा. सवय लावायची असेल तरच तक्ता लावा. आणि 'ढ', 'आळशी' हे शब्द घरातून काढून टाका.

मात्र सगळंच घरी सुटत नाही. पोटदुखीने मूल झोपेतून उठत असेल, वजन घटत असेल, वारंवार उलट्या, ताप किंवा शौचातून रक्त असेल तर लगेच डॉक्टरांना दाखवा. महिनोन् महिने मदत करूनही वाचन, लेखन किंवा गणित जमत नसेल तर नजर आणि कान तपासून घ्या आणि अध्ययन अक्षमतेची तपासणी करा. आणि येत असलेलं बोलणं किंवा कौशल्य मूल विसरू लागलं, तर 'होईल हळूहळू' म्हणत अजिबात थांबू नका.

माझा मुलगा आता आठवीत आहे. गणित त्याचा आवडता विषय नाही, पण सोमवारी पोट दुखत नाही. अडलं की तो माझ्याकडे न येता अजूनही आजीकडे जातो. आजींना बीजगणित येत नाही. त्या म्हणतात, "मला समजावून सांग बघू." समजावता समजावता त्याचं त्यालाच उत्तर सापडतं.