लव्हाळ्याचा चुलतभाऊ

नर्सरीत जाऊन ‘अम्ब्रेला पाम’ मागितलंत तर नर्सरीवाला एकच झाड काढून देतो. सरळसोट हिरवे दांडे, मध्ये कुठेही पान नाही, आणि टोकाला पंधरा-वीस लांब पट्ट्या छत्रीच्या काड्यांसारख्या चहूबाजूंनी पसरलेल्या. बंगल्यातल्या छोट्या तळ्यांत, हॉटेलांच्या दारात आणि आपल्या अ‍ॅडमिन बिल्डिंगसमोरच्या कारंज्यात (जे चालू असलेलं मी अजून पाहिलेलं नाही) हे झाड हमखास दिसतं. नावात पाम असलं तरी ते पाम नाही. बरं, गवतासारखं दिसतं म्हणून गवत म्हणावं तर तेही नाही. शास्त्रीय नाव सायपरस, आणि कुळ चक्क आपल्या लव्हाळ्याचं! मूळ गाव पूर्व आफ्रिका आणि मादागास्कर. तिथं ते नदीकाठी, दलदलीत, पाय पाण्यात सोडून उभं असतं. ज्याला आपण पानांची छत्री म्हणतो ती खरं तर फुलोऱ्याखालची पानं. खरी पानं दांड्याच्या बुडाशी नुसत्या तपकिरी खोळी होऊन राहिलेली असतात. अन्न बनवायचं काम छत्री आणि हिरवा दांडा मिळून करतात.

याच घराण्यातला थोरला भाऊ म्हणजे पपायरस. नाईलकाठच्या लोकांनी त्याच्या दांड्यातला गर पट्ट्या-पट्ट्यांनी कापला, आडवा-उभा रचला, दाबून वाळवला आणि त्यावर लिहायला सुरुवात केली. ‘पेपर’ हा शब्द तिथूनच आला. म्हणजे आपल्या सगळ्यांच्या केटीचं मूळ शोधत गेलं तर ते या घराण्यात निघतं!

दुसरा नातेवाईक मात्र माझ्या घरचा वैरी आहे. तुकाराम महाराजांनी लव्हाळ्याला अभंगात मानाची जागा दिली आणि आयुर्वेदवाले त्यालाच नागरमोथा म्हणून औषधात घेतात, हे सगळं खरं. पण औसा तालुक्यातल्या आमच्या तीन एकरांत तेच लव्हाळं सोयाबीनमध्ये उगवतं. आई खुरपं घेऊन बसते, वरचं पातं हातात येतं आणि खालची काळी गाठ जमिनीतच राहते. एक गाठ दुसरीला बारीक दोऱ्यासारख्या मुळानं जोडलेली, दुसरी तिसरीला. आठ दिवसांत रान पुन्हा हिरवं. लहानपणी शाळेतून आल्यावर मीही त्या गाठी वेचलेल्या आहेत, त्यामुळे या कुळाबद्दल मला काही विशेष प्रेम असायचं कारण नव्हतं.

माझ्या हातात हे झाड दिलं आपल्या माळीमामांनी. २०२४ च्या जुलैत, सेकंड इयरला, ते कारंज्याजवळचे वाढलेले दांडे छाटत होते. मी नुसता बघत उभा होतो. त्यांनी एक छत्री उचलली, खाली दोन बोटं दांडा ठेवला, पट्ट्या कात्रीनं निम्म्या केल्या आणि म्हणाले, “घे लेका. उलटी घाल पाण्यात.” मला वाटलं, चेष्टा चाललीय. झाड उलटं कसं लावायचं? पण ते खरंच तसंच लावतात. छत्री तोंडावर पाण्यात, दांडा आकाशाकडे. मी ती मेसमधून आणलेल्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घातली आणि खिडकीत ठेवली. दर दोन दिवसांनी पाणी बदललं. पंधरा-अठरा दिवसांनी पट्ट्यांच्या बेचक्यातून पांढरी मुळं निघाली आणि पाठोपाठ हिरवे कोंब! मामांनी मग कारण सांगितलं. रानात याचा दांडा म्हातारा झाला की वाकतो, छत्री पाण्याला टेकते आणि टेकली की तिथंच रुजते. आपण फक्त ते वाकणं आधी करून देतो.

मुळं दोन-तीन इंच झाल्यावर ते घमेल्यात माती घालून लावलं आणि बी विंगच्या मागच्या जिन्याखाली ठेवलं. तिथं सकाळचं ऊन येतं, दुपारी सावली. एवढं त्याला पुरतं. खताचे लाड नाहीत. पिवळा पडलेला दांडा बुडापासून कापायचा, अर्धवट नाही, कारण कापलेला दांडा पुन्हा वाढत नाही, नवा खालूनच येतो. बस्स. मागणी एकच, आणि तीच अडचणीची: पाय कायम ओले हवेत.

त्याच सुमारास एकदा आईचा फोन आला.

“काय करायलास रे?”

“झाडाला पाणी घालायलोय.”

“कसलं झाड?”

“लव्हाळ्याच्याच जातीतलं हाय एक.”

पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग, “आम्ही इथं उपटून मरायलाव, अन् तू तिथं पाणी घालून वाढवायलास व्हय?”

मी हसलो. ती हसली नाही. तिनं मग विचारलं, “किती पाणी लागतं त्याला?” मी म्हटलं, दिवसाला एक-दोन तांबे. हा आकडा ऐकून ती जे गप्प झाली, ते ज्यांच्या घरी टँकर आलेला नाही त्यांना कळणार नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा मी पाचवीत होतो. रेल्वे शहरात आली, आमच्या गावात टँकर. हंड्याच्या रांगेत माझा नंबर मीच धरायचो. एक तांबा सांडला म्हणून मार खाल्लेली पोरं आमच्या वर्गात होती. अशा घरातल्या पोरानं शोभेच्या झाडाला, तेही दलदलीतल्या, प्यायच्या नळाचं पाणी घालावं? आपल्याकडे उन्हाळ्यात पाणी दिवसातून दोन वेळा सुटतं, तेव्हा बादल्या भरायला कॉरिडॉरमध्ये काय युद्ध चालतं ते मी सांगायला नको.

म्हणून मी ठरवलं की याला नळाचं पाणी घालायचं नाही. मग कुठलं? मित्रांनो, जेवण झाल्यावर मेसच्या टेबलांकडे एकदा मागे वळून बघा. निम्मे ग्लास अर्धे भरलेले! आपण भरून घेतो, दोन घोट पितो आणि उठतो. मी मेसच्या काकांना विचारून दरवाज्यात एक बादली ठेवली. रात्रीच्या जेवणाला ती काठोकाठ भरायची. घमेल्याला एवढं लागतच नव्हतं. उरलेलं मामा कडुनिंबाच्या रोपांना घालायचे.

दुसरा स्रोत कॉम्प्युटर सेंटरच्या एसीचा. मागच्या भिंतीवर एसीच्या नळीतून थेंब थेंब पाणी पडून शेवाळ आलेलं सगळ्यांनी पाहिलं असेल. ते हवेतल्या बाष्पाचं पाणी, त्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे पट्ट्यांची टोकं करपत नाहीत. गंमत म्हणजे पावसाळ्यात हे पाणी धो धो मिळतं आणि एप्रिलमध्ये, गरज असते तेव्हाच, आटतं. हवेतच बाष्प नसेल तर एसी तरी कुठून आणणार? थर्मोच्या सरांनी सायक्रोमेट्रिक चार्टवर तासभर जे शिकवलं ते मला त्या नळीखाली पाच मिनिटांत समजलं. आरओचं टाकाऊ पाणी मात्र मामांनी पहिल्याच दिवशी बाद केलं होतं. त्यात क्षार गोळा झालेले असतात, कुंडीतून त्यांना बाहेर जायला वाटच नाही.

आता थोडं आपल्या धंद्याचं. छत्रीच्या अगदी खाली दांडा चिमटीत धरून फिरवला तर तीन बोथट कंगोरे लागतात. पपायरसमध्ये तर ते स्पष्टच दिसतात. एका रात्री सबमिशनचा कंटाळा आला म्हणून मी हिशोब मांडला. सारख्याच क्षेत्रफळाचे दोन छेद घ्या, एक वर्तुळ आणि एक समभुज त्रिकोण. वाकण्याला विरोध करणारा मोमेंट ऑफ इनर्शिया त्रिकोणाचा सुमारे २१ टक्क्यांनी जास्त भरतो, आणि पिळाला विरोध करणारा टॉर्शन कॉन्स्टंट सुमारे २७ टक्क्यांनी कमी. म्हणजे तेवढ्याच मालात दांडा वाकायला जास्त चिवट आणि पीळ घ्यायला जास्त मोकळा. खरा दांडा काही पुस्तकातला त्रिकोण नाही, कंगोरे बोथट असल्यानं फरक कमी होणार. तरी वळवाच्या वाऱ्यात जिन्यात उभं राहून बघा, छत्री आधी अंगाभोवती वळते आणि मग वाकते. आमच्या एसओएमच्या पुस्तकात मात्र सगळे शाफ्ट गोलच.

खरी परीक्षा सप्टेंबरमध्ये झाली. विंगमधल्या दोघांना डेंग्यू झाला, त्यातला एक माझा रूम पार्टनर. तीन रात्री मी त्याच्या कॉटशेजारी हॉस्पिटलमध्ये काढल्या. रोज सकाळी प्लेटलेट्सचा आकडा यायचा आणि त्याचे बाबा माझ्याकडे बघायचे, जसं काही मला त्यातलं कळतं. तो सुखरूप परत आला. त्याच आठवड्यात रेक्टर सरांची नोटीस लागली: हॉस्टेलमधल्या सर्व कुंड्या, डबे, घमेली दोन दिवसांत हलवावीत. तपासणीला आलेल्या लोकांना अळ्या सापडल्या होत्या त्या कूलरखालच्या ट्रेमध्ये आणि मागच्या फुटक्या ड्रममध्ये. माझ्या घमेल्यात एकही नव्हती. मी ते सांगायला सरांकडे गेलो.

“आज नाही. परीक्षेच्या आठवड्यात त्यात रोज कोण डोकावणार आहे?” सर म्हणाले.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण त्यांचं बरोबर होतं. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्याचा ‘कोरडा दिवस’ पाळा म्हणतात तो त्यासाठीच. पण या झाडाला कोरडा दिवस कसा देणार? रूम पार्टनर अशक्तपणामुळे भिंतीला टेकून बसला होता. तोच म्हणाला, “पाणी ठेव ना, पण डासाला दिसू देऊ नकोस.”

तेवढं पुरलं. सिव्हिलच्या लॅबमागून टाकून दिलेली खडी आणि जाड वाळू आणली. जुन्या प्लास्टिकच्या टबात झाड लावून वरपर्यंत खडी भरली आणि पाण्याची पातळी खडीच्या दोन इंच खाली ठेवली. एका कोपऱ्यात पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा पुरला, तोंडाला मच्छरदाणीचं कापड बांधलं. पाणी किती आहे ते बघायला त्यात काडी घालायची. वर हात फिरवला तर खडी कोरडी, खाली मुळं पाण्यात. सर स्वतः बघायला आले, काडी घालून पाहिली आणि “ठीक आहे, पण जबाबदारी तुझी” एवढंच म्हणाले.

नंतर वाचताना कळलं की सांडपाणी शुद्ध करायच्या कृत्रिम दलदली याच पद्धतीनं बांधतात. पाणी खडीच्या पोटातून जातं, उघडं दिसत नाही. नागपूरच्या नीरीचं फायटोरिड तंत्र याच जातीचं. उष्ण देशांत अशा ठिकाणी आपलं छत्रीवालंही लावतात. याच्या दांड्याच्या आत स्पंजासारख्या हवेच्या पोकळ्या असतात, त्यांतून हवा मुळांपर्यंत पोचते, म्हणून ते चिखलात गुदमरत नाही. साफसफाईचं बरंचसं काम मात्र खडीवर आणि मुळांवर वाढणारे जिवाणू करतात. झाडाला फुकटचं श्रेय देऊ नये. कुणीतरी मेसच्या मोरीचं पाणी याच्यातून सोडायचा प्रोजेक्ट घ्यावा असं मला फार वाटतं. तेल-तुपाचं काय करायचं तेवढं आधी ठरवा.

२०२५ च्या दिवाळीत रुजलेली एक छत्री बाटलीत घालून गावी नेली. एसटीत सगळ्यांनी विचारलं. आईनं ती हातात घेतली, दांडा फिरवून पाहिला आणि म्हणाली, “लव्हाळंच की हे. शेतात पाय ठेवू देणार नाही त्याला.” मी म्हटलं, शेतात नकोच. काही देशांत बागेतून सुटून हे ओढ्याकाठी तण झालेलं आहे, तेव्हा तिची शंका अडाणीपणाची नव्हती. तिनंच मग जागा काढली. न्हाणीचं पाणी जिथं जातं तिथं अळू आहे, कर्दळ आहे, त्यांच्या मधे. चारी बाजूंनी शहाबादी फरशीचे तुकडे उभे पुरले, मुळं पळू नयेत म्हणून. परवा फोनवर जेवलास का विचारायच्या आधी तिनं सांगितलं की सात दांडे आलेत, आणि शेजारच्या काकू मागायलात, देऊ का.

जिन्याखालचा टब आता गच्च भरलाय. येत्या जूनमध्ये तो उपटून फावड्यानं तीन भाग करायचे आहेत. बाहेरच्या कडेचे भाग जोमानं वाढतात, मधला म्हातारा टाकून द्यायचा. टाकायचा म्हणजे उन्हात पूर्ण वाळवून, नाल्यात नाही. छत्र्या मात्र कधीही मिळतील. बी विंग, तळमजला, संध्याकाळी सहानंतर. डबा स्वतःचा आणा, आणि पाणी नळाचं भरून आणू नका.