टोकियो: आशियाची शाळा, आशियाचा दरबार

१/१४
२० ऑगस्ट १९०५ रोजी टोकियोच्या अकासाका भागातील एका घरात चिनी तरुणांची बैठक भरली. जमलेल्यांपैकी बहुतेक जण विद्यार्थी होते आणि त्यांचे नेतृत्व परागंदा क्रांतिकारक सुन यत्-सेन यांच्याकडे होते. त्या दिवशी ‘तुंगमंगहुइ’, म्हणजे शपथबद्धांचा संघ, रीतसर स्थापन झाला. त्यानंतर सात वर्षांच्या आत चीनमधील छिंग राजवट कोसळली आणि दोन हजार वर्षांहून जुनी सम्राटशाही संपुष्टात आली. त्या क्रांतीची शपथ घेतली गेली ती मात्र परक्या राजधानीत. आणि तीही अशा देशाच्या, ज्याने दहाच वर्षांपूर्वी चीनला युद्धात धूळ चारली होती. संघाच्या पहिल्या सभासदांत २२ वर्षांचा वांग चिंगवेइ हा विद्यार्थी होता. त्याचे नाव लक्षात ठेवावे. याच शहरात त्याची पुन्हा गाठ पडणार आहे.

२/१४
टोकियोचे जागतिक महत्त्व सांगताना सहसा आकडे पुढे केले जातात. महानगर परिसराची लोकसंख्या ३ कोटी ७० लाखांच्या घरात, शेअर बाजार जगातील मोठ्या बाजारांपैकी एक, १९६४ आणि २०२१ साली भरलेले ऑलिंपिक सामने. हे सारे खरेच आहे. परंतु ही मापे अन्य महानगरांनाही लावता येतात. टोकियोचे वेगळेपण शोधायचे तर विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांकडे वळावे लागते. पारतंत्र्यात असलेल्या किंवा त्याच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या आशियाई देशांतील तरुण तेव्हा एका आशियाई शहरात एकमेकांना भेटत होते. आधुनिक राष्ट्र कसे घडते हे त्यांनी येथे पाहिले. ते राष्ट्र साम्राज्य झाले की काय करते, तेही त्यांना येथेच पाहावे लागले.

३/१४
या शहराचे जुने नाव एदो. १६०३ मध्ये तोकुगावा इएयासू शोगुन झाला आणि खाडीकाठची ही वसाहत देशाचे सत्ताकेंद्र बनली. सम्राट मात्र क्योतोतच राहिला. अठराव्या शतकापर्यंत एदोची वस्ती १० लाखांच्या आसपास पोहोचली होती. १८६८ मध्ये शोगुनशाही संपली आणि एदोला टोकियो, अर्थात ‘पूर्वेची राजधानी’, हे नाव मिळाले. महागड्या दुकानांसाठी प्रसिद्ध असलेल्या गिन्झा या भागाच्या नावात जुन्या काळाची एक खूण आजही टिकून आहे. १६१२ मध्ये तेथे चांदीची नाणी पाडणारी टांकसाळ आली आणि तिच्यावरूनच तो भाग ओळखला जाऊ लागला. मेइजी काळात या शहराने आणखी एक टांकसाळ चालवली. तिच्यात शब्द पाडले जात.

४/१४
त्या टांकसाळीचे मोल कळण्यासाठी मुंबईशी एक तुलना उपयोगी पडते. बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी धावली १८५३ मध्ये. टोकियोच्या शिंबाशीहून योकोहामाला ती १८७२ मध्ये, म्हणजे १९ वर्षांनी. मुंबई विद्यापीठ १८५७ चे, टोकियो विद्यापीठ १८७७ चे. टोकियोलाही रेल्वेसाठी इंग्रज अभियंते आणि लंडनचे कर्ज घ्यावे लागले. फरक होता तो निर्णय कोणाचा, यात. टोकियोने परके प्राध्यापक मोठ्या पगारावर आणले, त्यांच्या हाताखाली आपले विद्यार्थी तयार केले, आणि सुमारे एका पिढीत बहुतेक जागांवर जपानी अध्यापक येऊन जपानीतून शिकवू लागले. मुंबई विद्यापीठाच्या वर्गात मात्र इंग्रजीच अधिष्ठित राहिली.

५/१४
स्वभाषेतून शिकवायचे तर शब्द हवेत. मराठीने अशा वेळी संस्कृतकडे धाव घेतली. जपानी विद्वानांनी चिनी अक्षरे हाताशी धरली. हॉलंडमधील लायडन येथे शिकून आलेल्या निशी आमाने यांनी तत्त्वज्ञानासाठी ‘तेत्सुगाकू’ हा शब्द रूढ केला. समाजासाठी ‘शाकाइ’ स्थिरावला. प्रजासत्ताक या अर्थाचा शब्द तर त्याआधीच, एदोच्या काळात, डच ग्रंथ वाचणाऱ्या अभ्यासकांनी घडवला होता. ही अक्षरे चिनी असल्यामुळे एक विलक्षण गोष्ट घडली. तीच अक्षरे चिनी वाचक आपल्या उच्चाराने वाचू शकत होता, कोरियन आणि व्हिएतनामी सुशिक्षितही वाचू शकत होते. पश्चिमेकडून आलेली कल्पना टोकियोत एकदा अक्षरबद्ध झाली की पूर्व आशियाभर चालू लागे.

६/१४
हे शब्द नेणारे वाहक होते विद्यार्थी. १८९६ मध्ये चीनमधून अवघे १३ विद्यार्थी जपानला आले. १९०५ मध्ये चीनमधील शतकानुशतकांची राजसेवा परीक्षा रद्द झाली, तोवर त्यांची संख्या काही हजारांवर गेली होती. युरोपपेक्षा जपान जवळ, स्वस्त आणि लिपीमुळे ओळखीचा. पुढे आधुनिक चिनी साहित्याचा प्रवर्तक ठरलेला लू शुन १९०२ मध्ये टोकियोला आला. मध्ये सेंदाई येथे वैद्यक शिकायला गेला, ते सोडून परतला आणि साहित्याकडे वळला. १९०९ मध्ये त्याने आपल्या धाकट्या भावासह परकीय कथांच्या अनुवादाचे दोन भाग टोकियोतून प्रसिद्ध केले. शहरात प्रत्येक भागाच्या जेमतेम वीसेक प्रती खपल्या. त्या अपयशी पुस्तकाने चिनी साहित्यात पुढे मानाचे स्थान मिळवले.

७/१४
१९०५ मध्ये त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत जपानने रशियाच्या आरमाराचा धुव्वा उडवला, आणि या शहराचे आकर्षण अनेक पटींनी वाढले. व्हिएतनाममधून फान बोइ चाउ आले. फ्रेंचांशी लढायला शस्त्रे मागण्याचा त्यांचा हेतू होता. आधी माणसे घडवा, हा सल्ला त्यांना येथे मिळाला. त्यातून ‘दोंग झू’, म्हणजे ‘पूर्वेकडे चला’, ही चळवळ उभी राहिली आणि १९०८ पर्यंत सुमारे २०० व्हिएतनामी तरुण जपानला आले. कोरियाचे विद्यार्थी आधीपासूनच येथे होते. चिनी, व्हिएतनामी आणि कोरियन माणसे बोलून एकमेकांना समजत नसत. कागदावर चिनी अक्षरे लिहून ती संवाद साधत. आशिया या भौगोलिक शब्दाला अशा कागदांवर राजकीय अर्थ येत होता.

८/१४
या शाळेचा एक धागा पुण्यापर्यंत पोहोचतो. नारुसे जिन्झो यांनी १९०१ मध्ये टोकियोत जपान महिला विद्यापीठ स्थापन केले होते. त्या संस्थेची माहिती देणारी एक पुस्तिका धोंडो केशव कर्वे यांच्या हाती आली. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईतील राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. त्या भाषणात त्यांनी टोकियोचे उदाहरण समोर ठेवून भारतात स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठ मांडले, आणि पुढच्याच वर्षी पुण्याजवळ हिंगण्याला ५ विद्यार्थिनींसह ते सुरू केले. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा. मुंबई विद्यापीठाने लंडनचा नमुना घेतला होता. कर्व्यांनी टोकियोचा घेतला. आज ते श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ म्हणून ओळखले जाते.

९/१४
येथवरची कथा शाळेची झाली. या शाळेला लागूनच दरबार होता, आणि दोन्हींची मालकी एकच होती. १८९५ मध्ये तैवान टोकियोच्या ताब्यात आले. १९०२ मध्ये जपानने ब्रिटनशी मैत्रीचा करार केला. १९०७ मध्ये फ्रान्सशी समझोता झाला आणि एकमेकांच्या आशियाई प्रदेशांना मान्यता मिळाली. त्याची किंमत व्हिएतनामी विद्यार्थ्यांनी मोजली. त्यांची संघटना मोडली गेली आणि १९०९ मध्ये फान बोइ चाउ यांना देश सोडण्यास भाग पाडले गेले. १९१० मध्ये कोरिया साम्राज्यात विलीन करण्यात आला. टोकियोत शिकणारा कोरियन तरुण एका सहीने परदेशी विद्यार्थ्याचा अंकित प्रजाजन झाला.

१०/१४
चिनी विद्यार्थ्यांना हा अनुभव त्याआधीच आला होता. शपथेच्या त्या बैठकीनंतर तीनच महिन्यांनी जपानी शिक्षण खात्याने त्यांच्यावर नियंत्रण आणणारे नियम काढले. विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला, तेव्हा एका मोठ्या जपानी वृत्तपत्राने त्यांना स्वैर आणि हलक्या वृत्तीचे ठरवले. ८ डिसेंबर १९०५ रोजी क्रांतिकारक लेखक छन थ्येनह्वा याने ओमोरीच्या किनाऱ्यावर समुद्रात देह टाकला. मागे ठेवलेल्या पत्रात त्याने देशबांधवांना हा अपमान खोटा ठरेल असे वागण्याची विनंती केली होती. तो ३० वर्षांचा होता. अनेक विद्यार्थी मायदेशी परतले. त्यांत छ्यू चिन ही तरुण कवयित्री होती. १९०७ मध्ये छिंग राजवटीने तिचा शिरच्छेद केला.

११/१४
भारतीयांनीही या शहराची दोन्ही रूपे पाहिली. १९१५ मध्ये रासबिहारी बोस येथे आले. मित्रराष्ट्र ब्रिटनच्या दडपणाखाली सरकारने त्यांच्या हद्दपारीचा हुकूम काढला, तेव्हा शिंजुकूच्या नाकामुराया या बेकरीचे मालक सोमा दांपत्य यांनी त्यांना आपल्या आवारात लपवले. पुढे रासबिहारी त्याच घराचे जावई झाले. १९१६ मध्ये रवींद्रनाथ ठाकूर आले. त्यांच्या स्वागताला प्रचंड गर्दी लोटली. मात्र टोकियो इम्पीरियल विद्यापीठातील व्याख्यानात त्यांनी जपानला पश्चिमेच्या आक्रमक राष्ट्रवादाचे अनुकरण न करण्याचा इशारा दिला, आणि उत्साह ओसरला. पराभूत देशाचा कवी म्हणून त्यांची हेटाळणी झाली. निरोपाला मोजकीच माणसे उरली.

१२/१४
८ फेब्रुवारी १९१९ रोजी कोरियन विद्यार्थी टोकियोतील कोरियन वायएमसीएच्या सभागृहात जमले आणि त्यांनी स्वातंत्र्याची घोषणा वाचली. पोलिसांनी धरपकड केली, परंतु घोषणेची वार्ता समुद्रापलीकडे पोहोचली होती. तीन आठवड्यांनी, १ मार्चला, सोलमध्ये देशव्यापी उठावाची ठिणगी पडली. १ सप्टेंबर १९२३ रोजी मध्यान्हीच्या सुमारास टोकियो भूकंपाने हादरले. पाठोपाठ लागलेल्या आगींसह लाखावर माणसे मृत्युमुखी पडली. कोरियन लोक विहिरींत विष घालत आहेत अशी अफवा उठली. जमावांनी, आणि काही ठिकाणी पोलीस व सैनिकांनीही, हजारो कोरियनांची आणि शेकडो चिन्यांची कत्तल केली. ज्या शहरात कागदावर अक्षरे लिहून शेजाऱ्याशी बोलणे शक्य होते, तेथे उच्चार तपासून माणसे मारली गेली.

१३/१४
आता वांग चिंगवेइ. १९१० मध्ये छिंग राजप्रतिनिधीच्या वधाच्या कटात तो पकडला गेला, तुरुंगात गेला आणि चीनचा लाडका क्रांतिवीर ठरला. १९३७ मध्ये जपानने चीनवर पूर्ण युद्ध लादले. १९४० मध्ये याच वांगने जपानच्या छत्राखाली नानजिंगमध्ये सरकार स्थापन केले. ५ नोव्हेंबर १९४३ रोजी टोकियोत बृहत्तर पूर्व आशिया परिषद भरली, तेव्हा चीनचा प्रतिनिधी म्हणून तो पंतप्रधान तोजोंच्या मांडीला मांडी लावून बसला. सुभाषचंद्र बोस निरीक्षक म्हणून उपस्थित होते. आशियाच्या मुक्तीवर भाषणे झाली. कोरियाला आणि तैवानला तेथे खुर्ची नव्हती. दरबाराच्या हिशेबी ते देशच नव्हते. ज्या शहरात २२ व्या वर्षी त्याने मायदेशाच्या मुक्तीची शपथ घेतली, त्याच शहरात साठाव्या वर्षी तो मायदेश जिंकू पाहणाऱ्यांचा पाहुणा होता. वर्षभराने नागोया येथे त्याचा मृत्यू झाला.

१४/१४
दरबार १९४५ मध्ये उद्ध्वस्त झाला. १० मार्चच्या एका रात्रीतील बाँबवर्षावात टोकियोचे सुमारे एक लाख रहिवासी मेले, आणि त्यांतील बहुसंख्यांनी कधी कोणत्या साम्राज्याचा निर्णय घेतला नव्हता. शाळेतून बाहेर पडलेले मात्र मागे घेता आले नाही. निशी आमाने यांनी घडवलेला शब्द आज बीजिंगमध्ये ‘चशुए’, सोलमध्ये ‘चॉलहाक’ आणि हनोईत ‘च्येत हॉक’ या उच्चारांनी तत्त्वज्ञानाच्या वर्गावर लिहिलेला आहे. एदोत घडलेला प्रजासत्ताकाचा शब्द चीनच्या आणि उत्तर कोरियाच्या अधिकृत नावात आहे. दक्षिण कोरियात १ मार्च ही राष्ट्रीय सुट्टी आहे. आणि १९३० मध्ये, जगप्रवासाच्या अखेरच्या टप्प्यात, सत्तरी ओलांडलेले कर्वे टोकियोला गेले. ज्या महिला विद्यापीठाची ओळख त्यांना एका पुस्तिकेतून झाली होती, ते त्यांनी तेव्हा प्रत्यक्ष पाहिले. हिंगण्याला लावलेले रोप त्या वेळी १४ वर्षांचे झाले होते.