चिठ्ठी टाकून इलाज?

एरवी मी तुमच्याशी बियाणे, खते नि किडींबद्दल बोलतो. आजचा विषय दवाखान्यातला आहे. पण तो फिरून वावरातच येतो, म्हणून ऐका.

काही वर्षांपूर्वी माझ्या मावसभावाला तोंडाचा कॅन्सर निघाला. तंबाखूची सवय जुनी. अमडापूर, बुलढाणा आणि मग मुंबईचा मोठा दवाखाना असा प्रवास झाला. एका संध्याकाळी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, इथं दोन इलाज हायेत म्हणतात, अन् कोणता द्यायचा ते चिठ्ठी टाकून ठरवणार. कागदावर सही मागून राहिले. आपला माणूस काय प्रयोगाचा उंदीर हाये?"

घरातला शिकलेला मी. विचार न करता सांगून टाकले, "सही करू नका, मी येतो."

गेलो. समोर तिशीतला डॉक्टर, भला मुलगा. पण हातातले चार-पाच कागद त्याने असे भरभर वाचले, की सोसायटीत कर्जाचे कागद वाचतात तसे. वहिनी नुसती मान हलवत होत्या. त्याच्या मागे खुर्चीवर एक वयस्कर डॉक्टरीणबाई गप्प बसल्या होत्या. वाचून झाल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "आता त्यांना विचार, काय समजलं ते."

त्याने विचारले. वहिनी म्हणाल्या, "काईच नाही समजलं, साहेब."

पोराचा चेहरा पडला. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "पुन्हा सांग. कागदाशिवाय."

दुसऱ्यांदा तो नीट बोलला. दोन्ही इलाज आजही चालतात. काही डॉक्टरांना हा बरा वाटतो, काहींना तो. सरस कोणता ते नक्की कोणालाच ठाऊक नाही. डॉक्टरच्या मर्जीवर सोडले तर तो नकळत धडधाकट रोग्याला आपल्या आवडीचा इलाज देतो, आणि मग तोच इलाज चांगला दिसतो. म्हणून चिठ्ठी. सही केली नाही तरी उपचार थांबत नाहीत, आणि मधूनही बाहेर पडता येते.

मी चपापलो. कारण हेच पाप मी केले होते.

नोकरीच्या सुरुवातीला सोयाबीनच्या नव्या वाणाचे प्रात्यक्षिक घेतले. नवे बी विहिरीजवळच्या काळ्या कसदार तुकड्यात पेरले आणि जुने धुऱ्याकडच्या मुरमाड तुकड्यात. शेतदिनाला लोकांनी वाहवा केली. पुढल्या वर्षी हलक्या जमिनीवाल्यांनी उसनवारी करून तेच बी नेले आणि हात चोळत बसले. एक म्हातारे कास्तकार म्हणाले, "साहेब, त्या साली बी नव्हतं पिकलं, माती पिकली होती." माझ्या वरिष्ठांनी मेमो दिला नाही. वावरात नेऊन सारख्या मापाचे तुकडे आखायला लावले आणि कोणत्या तुकड्यात कोणते बी, याच्या चिठ्ठ्या माझ्याकडूनच उचलून घेतल्या. पदवीच्या वर्गात मी हे मार्कांपुरते पाठ केले होते. कळले त्या दिवशी.

गंमत अशी, की डॉक्टरांनी ही रीत शेतीतूनच घेतली. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रावर रोनाल्ड फिशर यांनी १९२०च्या दशकात चिठ्ठीने तुकडे वाटण्याची पद्धत बसवली. अशाच वाटणीने झालेल्या, क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या परीक्षेचा निकाल १९४८ साली छापला गेला.

आपल्याकडचेच एक उदाहरण घ्या. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीचा असेल, तर मानेतल्या गाठी लगेच काढाव्यात की पुढे सूज दिसली तर काढाव्यात? सर्जन वर्षानुवर्षे आपापल्या अनुभवाची शपथ घेत होते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात २००४पासून रोग्यांची चिठ्ठीने वाटणी करून हे तपासले आणि २०१५ साली ५०० रोग्यांचा निकाल छापला. तीन वर्षांनंतर, लगेच गाठी काढलेल्यांपैकी शंभरात ८० जगले होते. वाट पाहिलेल्यांपैकी ६७-६८. ते वरचे बारा जण कोणाच्या अनुभवाला दिसले नव्हते.

पण असा प्रश्न आखायला तरुण डॉक्टरला शिकवायचे कोणी? सकाळपासून रोग्यांची रांग संपत नाही. चाकू धरायला हात धरून शिकवतात, प्रश्न धरायला क्वचितच. अमेरिकेत १९९६पासून यासाठी आठवड्याचा निवासी वर्ग भरतो. तिथे रुग्णांचे प्रतिनिधीही शिकवायला बसतात, हे मला फार आवडले. आपल्याकडे टाटा स्मारक केंद्र आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड यांनी २०१५पासून 'क्रेडो' नावाचा तसाच वर्ग सुरू केला. तरुण डॉक्टर आपला एक प्रश्न घेऊन येतो. अनुभवी डॉक्टर आणि संख्याशास्त्रज्ञ तो उलटापालटा करतात: रोगी किती लागतील, वाटणी कशी, मोजायचे काय, रोग्याला सांगायचे कसे. आठवडा संपेपर्यंत पूर्ण आराखडा लिहून घेतात. पहिला खर्डा बहुतेक खोडलाच जात असेल. माझाही खोडला गेला असता तर चार घरांची उसनवारी वाचली असती.

मावसभावाने त्या दिवशी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "मी घाईने बोललो होतो. आता तूच ठरव." तो म्हणाला, "टाका चिठ्ठी." त्याच्या वाट्याला जुनाच इलाज आला.

तो अजून तपासणीला मुंबईला जातो. दरवेळी त्या डॉक्टरला विचारतो, "साहेब, निघालं का उत्तर?" आणि डॉक्टर म्हणतो, "अजून दोन वर्षं, काका. पण तुम्ही येत राहा."