मुलांना पाण्याखाली नेण्याआधी

सुट्टीत मालवण-तारकर्लीला होडीवर हमखास ऐकू येणारा प्रश्न: "आमचा आठ वर्षांचा आहे, चालेल ना?" 'पॅडी' (PADI) या स्कूबा-प्रशिक्षण संस्थेच्या नियमांनुसार आठव्या वर्षी स्कूबाची ओळख करून देता येते, पण स्विमिंग टँकमध्ये किंवा तसल्याच शांत, बंदिस्त पाण्यात, तीही दोन मीटरपर्यंतच. समुद्रात उतरायला दहा वर्षं पूर्ण हवीत. दहा-अकराच्या मुलांना १२ मीटरची मर्यादा.

"उथळच तर आहे." पालकांच्या तोंडचं हे वाक्य मला सगळ्यात जास्त काळजीत टाकतं. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, म्हणजे सर्वांत झपाट्याने फरक पडतो तो या पहिल्या टप्प्यातच. सिलिंडरमधली हवा छातीत भरून घेऊन, श्वास रोखून वर आलं, तर दीड मीटरच्या आसपासच्या खोलीवरूनही फुप्फुसाला इजा होऊ शकते. हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकतात.

पोहायला शिकवताना आपण मुलांना सांगतो, "श्वास धर, डोकं आत घाल." स्कूबाचा पहिला नियम नेमका उलटा: श्वास कधीच रोखायचा नाही. घाबरलेलं मूल आधी शिकलेलंच करणार. म्हणून चांगल्या पोहणाऱ्या मुलाकडूनही उभं राहता येईल इतक्या पाण्यात तोंडातला रेग्युलेटर काढणं-लावणं, मास्कमध्ये शिरलेलं पाणी नाकाने हवा सोडून बाहेर घालवणं, हे पुन्हा पुन्हा करून घ्यावं. नाकात पाणी जाताच धडपडत वर येणारं मूल अजून तयार नाही.

होडीच्या कडेला बसलेली एक चिमुरडी. पुढचे दोन दात नुकतेच पडलेले. मोठ्यांचा माउथपीस तोंडात ठरेना, ती दोन्ही हातांनी तो धरून बसली होती. पाठीवर पंधरा किलोहून जड सिलिंडर. मोबाइलवर व्हिडिओ मात्र सुरू होता.

कान. घशापासून मधल्या कानापर्यंत जाणारी नळी लहान मुलांत अरुंद आणि बरीचशी आडवी असते. म्हणून कानातला दाब सारखा करायला नाक दाबून हळूच फुंकायचं, ते दुखायच्या आधी, आणि उतरताना सतत. सर्दी असेल तर त्या दिवशी उतरायचं नाही, पैसे बुडाले तरी. गोळी देऊन तर नाहीच. पाण्याखाली असताना औषधाचा असर ओसरला, तर वर येताना हवा कानातच अडकते.

दमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. फॉर्मवर "नाही"पुढे खूण करून मोकळं व्हायचं नाही.

बाबा आणि दहा वर्षांचा मुलगा, अशी जोडी पाण्याखाली. बाबांनाच काही झालं तर? एवढंसं मूल त्यांना वर आणू शकत नाही. सोबत प्रशिक्षक हवाच, आणि त्याच्याकडे त्या वेळी दुसरं मूल नको.

वर केलेला अंगठा म्हणजे आपल्याकडे 'मस्त'. पाण्याखाली त्याचा अर्थ 'मला वर जायचंय'; सगळं ठीक असेल तर तर्जनी आणि अंगठ्याचं वर्तुळ. मुलं सवयीने अंगठा दाखवतात. सवयीने दाखवला असेल असं गृहीत न धरता त्यांना वर आणणारा प्रशिक्षक मला आवडतो.

आणि होडीवर ऐन वेळी मूल "नको" म्हणालं, तर "एवढे पैसे भरलेत" हे वाक्य गिळून टाकावं. होडीवाल्या दादांना सांगून त्याला लाइफ जॅकेट आणि स्नॉर्कल द्यावं. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळचे मासे वरूनही दिसतात.