नलतरंग

जबलपूरचा तोफगाड्यांचा कारखाना 1904 चा. तेथून सुमारे 150 किलोमीटरवर, मैहरला, बंदुकीच्या नळ्यांचे वाद्य झाले. उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी 1918 च्या सुमारास साथीत पोरक्या झालेल्या मुलांचा वाद्यवृंद उभारला, त्यातला हा नलतरंग. साथ कोणी प्लेगची सांगतो, कोणी कॉलऱ्याची. बंदुकांच्या कथाही तशाच. आम्हां जबलपूरकरांना त्यांचे कौतुक अंमळ जास्तच. मला मात्र त्या घंटेसारख्या स्वराचा प्रश्न पडतो. पियानोची तार निम्मी केली की स्वर एक सप्तक चढतो, नळी निम्मी केली तर जवळजवळ दोन. इतक्या नाजूक मापाने कापलेला स्वर मग पियानोसारखाच अचल राहतो. त्याला मींड नाही. सरोदच्या मींडेत आयुष्य घालविलेल्या उस्तादांनी हे का पत्करावे? नवशिक्या पोराच्या हाती तो बेसूर होत नाही, हेच कारण असावे.