येता डाव कोणता?

पावसाचा, पिकाचा आणि तंबाखूच्या भावाचा अंदाज बांधण्यात निपाणीकडच्या माणसाचा हात कुणी धरावयाचा नाही. निवडणुकीचे भाकीत तर बेळगावच्या प्रत्येक कट्ट्यावर फुकट मिळते. परंतु २०१३ च्या उन्हाळ्यात आमच्या भाच्याने व त्याच्या मित्रांनी जे भाकीत मांडले त्याची जात निराळी होती. ही मुले बेळगावात अभियांत्रिकी शिकत होती, आणि रोबोकॉन नावाच्या यंत्रमानवांच्या स्पर्धेत पुढच्या वर्षी कोणता खेळ येणार, यावर त्यांच्या रात्री सरत होत्या.

ही आशिया-पॅसिफिक देशांतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची स्पर्धा २००२ साली टोकियोत सुरू झाली. दरवर्षी यजमान देश नवा आणि खेळही नवा. गतवर्षीचे यंत्र यंदा जवळजवळ भंगारच. म्हणून नियम येण्याआधीच खेळ ओळखता आला तर काही महिने हाती लागतात. मोठ्या संस्थांना त्याचे अप्रूप नसेल, पण वर्गणी काढून मोटारी विकत घेणाऱ्या आमच्या मुलांना ते फार मोलाचे वाटे. यजमान आपल्या मातीतले काही निवडतो हे त्यांनी हेरले होते. कैरोने २०१० साली पिरॅमिड बांधावयास लावले, तर बँकॉकने २०११ साली पाण्यावर दिवे सोडण्याचा आपला सण पुढे केला. आणि २००८ साली यजमानपद पुण्याकडे आले तेव्हा खेळाचे नावच ‘गोविंदा’ होते. दहीहंडीतले लोणी यंत्राने काढावयाचे! २०१४ चे यजमानपद पुन्हा पुण्याकडे होते. मग काय, भोवरा, मल्लखांब आणि विटीदांडू यांत मते पडली आणि विटीदांडू निवडून आला.

उद्यमबागेतील एका ओळखीच्या कारखान्यात लेथवर आणि वेल्डिंगवर महिनाभर राबून मुलांनी अॅल्युमिनियमचा यांत्रिक दांडू केला. खरे सांगावयाचे तर तो फार देखणा होता. वर्गणीचा मोठा भाग त्यातच गेला. पुढे खेळ जाहीर झाला तो आईबापांच्या मायेचा. मोठ्या यंत्राने लहान यंत्राला उचलून न्यावयाचे, सीसॉवर बसवावयाचे, झोका द्यावयाचा. लहानग्याने खांबांवरून चालावयाचे नि शेवटी चढावयाचे. विटी कोठेच नव्हती! त्या वर्षी आमची मुले बालेवाडीच्या मैदानापर्यंत पोहोचलीच नाहीत. उरलेल्या पैशांत दुसरे यंत्र पुरे होईना. एका मुलाने तर घरून परीक्षेच्या शुल्काचे पैसे आणून घातले होते. त्याच्या वडिलांपुढे पुढे कित्येक दिवस आमचा भाचा उभा राहत नसे.

हा छंद केवळ आपल्याकडचा नव्हे. अमेरिकेत १९९२ पासून चालत आलेल्या ‘फर्स्ट’ स्पर्धेत शालेय मुलांना दर जानेवारीत नवा खेळ देतात, आणि त्याआधी संयोजक स्वतःच कोड्यासारखे इशारे सोडतात. मुले त्यावर तुटून पडतात. यंदा खेळ पाण्यातच होणार, हा तेथला वर्षानुवर्षांचा विनोद आहे. २०२५ साली प्रवाळांच्या थाटाचा समुद्री खेळ आला, तरी तो कोरड्या जमिनीवरच खेळावयाचा होता.

अंदाज बरोबर आला म्हणजे तरी काय साधते, याचे उत्तर आम्हांस २०२२ साली मिळाले. त्या वर्षी यजमानपद नवी दिल्लीकडे होते आणि खेळ होता लगोरी. कानडी घरात नि मराठी घरात एकाच नावाने ओळखला जाणारा हा खेळ. आमच्या सीमाभागातील कोणत्याही पोराने तो डोळे मिटून सांगितला असता. पण नियम वाचता असे दिसले की खापऱ्यांऐवजी लहानमोठ्या पाच चकत्या आहेत, आणि रचणाऱ्या यंत्राच्या डोक्यावर एक चेंडू ठेवलेला असून प्रतिपक्षाने तो पाडावयाचा आहे. कोणत्या गल्लीतल्या लगोरीत असा डोक्यावरचा चेंडू असतो? नाव ओळखून यंत्र बांधणारा येथेही फसलाच असता.

आमच्या मते मुलांनी खेळाचे नाव शोधूच नये, क्रियापदे शोधावीत. उचलणे, फेकणे, रचणे, तोल सांभाळून नेणे, एवढीच काय ती आलटून पालटून येतात. त्या फसलेल्या वर्षातून वाचले तेही असलेच: चार चाकांची बैठक, तिच्या मोटारी आणि ती सरळ रेषेत चालविण्यास शिकलेला पहिल्या वर्षाचा एक अबोल मुलगा. बैठक पुढे दोन वर्षे वापरात राहिली. भाचा आता उद्यमबागेतच नोकरीस आहे. धाकटी मुले सल्ल्यास आली की तो त्यांना नियम येईपर्यंत बैठकीपलीकडे एक खिळाही ठोकू देत नाही. मुले अर्थातच कुरकुरतात आणि चहा पिता पिता पुढच्या यजमानाचे सण मोजू लागतात. मग हाही त्यांच्यात सामील होतो.

तो दांडू मात्र कुणी मोडीत घालू दिला नाही. आमच्या परसात त्यावर घेवड्याचा वेल चढविला आहे.