शून्य

माझी आई अंगणवाडी सेविका आहे. दर महिन्याला पोरांची वजनं-उंच्या घेऊन झाल्या की रात्री जेवणं उरकून ती वही उघडते आणि मी तिच्या मोबाइलवर ‘पोषण ट्रॅकर’ भरतो. ती आकडे वाचते, मी टाकतो. रेंज गेली की दोघं अंगणात.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका पोरीची उंची ८० सेंटिमीटर आणि वजन ७ किलो २०० ग्रॅम भरलं. म्हणजे सॅम, अतितीव्र कुपोषित. आईने सुपरवायझर मॅडमना फोन करून सांगितलं. तिकडून उत्तर आलं, “ताई, तुमच्याकडे सॅम शून्य असतात ना? परत मोजा.”

आईने परत मोजलं. तेवढंच भरलं. ‘परत मोजा’चा अर्थ तिला कळत होता, सॅम निघाले की मीटिंगमध्ये सेविकेला उभं करतात. रात्री माझ्याकडे न बघता म्हणाली, “नऊ टाक.” मी टाकलं.

तेव्हा मी एमपीएससीचा अभ्यास करत होतो. नोट्समधली एक ओळ पाठ होती : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण २०१९-२१, महाराष्ट्रात पाच वर्षांखालची अतितीव्र कुपोषित मुलं १०.९ टक्के; २०१५-१६ मध्ये ९.४. त्या रात्री पहिल्यांदा हिशेब केला. आईकडे चाळीस पोरं. त्या दराने चार निघतील. गावागणिक फरक असेल, पण सतत शून्य? सर्वेक्षणवाले बाहेरून येतात, मोजतात, जातात. आकडा वाईट निघाला म्हणून त्यांना कुणी उभं करत नाही. आईला करतात.

आणि मदत तर आकड्याच्या मागूनच येते. सॅम मूल नोंदलं गेलं तर ग्राम बालविकास केंद्रात जादा आहार, औषधं, तपासणी. शून्याला काहीच नाही. माझ्या नऊ किलोंनी त्या पोरीचा घास काढून घेतला होता.

पुढच्या महिन्यात ती ६ किलो ९०० भरली. आईने आकडा वाचला. मी तोच टाकला. फोन आला. “ताई, महिन्यात दोन किलो घटले कसे?”

“घटले नाहीत मॅडम. मागचा आकडा खोटा होता. तुम्हीच या मोजायला.”

मॅडम आल्या. काटा त्यांच्यासमोरही तिथेच थांबला. त्यांनी काही न बोलता पोरीचं नाव यादीत घेतलं.

मीटिंगमध्ये आईला उभं केलंच. घरी येऊन म्हणाली, “पाय दुखले.”

ती पोरगी आता चार वर्षांची आहे. तिची नोंद हिरवी आहे. या वेळी मी काही केलेलं नाही.